सुट्टी आधी दरात धरा, मग वेळापत्रकात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंजवडीतली नोकरी सोडून गेली तीन वर्षं तुम्ही सिंहगड रोडवरच्या घरून ग्राफिक डिझाइनची कामं घेता. कामाला तोटा नाही. पण सकाळ मुलीच्या डब्यात आणि शाळेत जाते, दुपार सासूबाईंच्या जेवणात आणि औषधांत, मधल्या वेळात क्लायंटचे फोन. खरं डिझाइन सुरू होतं ते रात्री साडेनऊनंतर आणि चालतं एक-दीडपर्यंत. रविवारी लॅपटॉप उघडला नाही तर तुम्हाला अपराधी वाटतं, उघडला तर घरातले नाराज होतात. दोन-तीन अ‍ॅप वापरून झाली, पहाटे उठण्याचा प्रयोगही झाला. आता तुम्ही विचारता आहात की वेळेची घडी नेमकी कशी बसवायची, आणि बसणारच नसेल तर परत नोकरी धरावी का.

मी वीसहून अधिक वर्षं जर्मनमधून तांत्रिक भाषांतर करते आहे, कुठल्याही नोकरीत नसताना. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत येणाऱ्या यंत्रांची माहितीपुस्तकं, देखभालीच्या सूचना, अधूनमधून करार. माझं आणि तुमचं काम वेगळं असलं तरी घरात बसून स्वतःच्या नावावर काम करण्याचे ताण तेच आहेत. या वाटेवर नव्याने आलेल्या बऱ्याच जणींशी माझं बोलणं होतं आणि जवळपास प्रत्येक जण तुमच्यासारखीच वेळापत्रकापासून सुरुवात करते. त्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते: वेळापत्रक सगळ्यांत शेवटी. आधी तुमचा दर बघू. ज्या दरात रविवार धरलेलाच नाही, त्या दराने काम करणाऱ्याला रविवार परवडत नाही. मग अ‍ॅप कुठलंही घ्या.

स्वतःचं काम सुरू करताना बहुतेक जण दर असा काढतात. नोकरीत महिन्याला ६० हजार हातात येत होते. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार केला की तासाला साधारण २९० रुपये येतात. ओळखीत कुणीतरी तीनशे घेतं असं कळतं आणि आकडा बरोबर आहे असं वाटून आपण कामाला लागतो.

आता तोच हिशेब नीट मांडा. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ वजा केले की उरले २६१. आठवड्याच्या मधे येणारे सणवार १२ धरा, उरले २४९. एक सलग सुट्टी आणि मुलीच्या सुट्टीतले काही दिवस मिळून १५, उरले २३४. मुलीचा ताप, सासूबाईंची तपासणी, कुणाचं लग्न, स्वतःचं आजारपण यांना १० दिवस, उरले २२४. हे दिवस तुम्ही धरा किंवा न धरा, ते जाणारच आहेत. न धरलेले दिवस रात्रीच्या झोपेतून वसूल होतात, एवढाच फरक.

पुढची पायरी तासांची. आठ तास टेबलाशी बसलेल्या माणसाचे आठही तास बिलात येत नाहीत. कोटेशन, फोन, नव्या क्लायंटशी पहिली भेट, बिलं, पेमेंटचा पाठपुरावा, फाइली जागेवर लावणं, नवीन सॉफ्टवेअर शिकणं, या सगळ्याचे पैसे कुणी देत नाही. डोकं लावून करायचं काम दिवसाला साडेचार तास झालं तर मी तो उत्तम दिवस समजते. २२४ गुणिले साडेचार म्हणजे १,००८. वर्षाला हजार तास म्हणा.

आता गरज. घरात महिना ६० हजार हवे, म्हणजे वर्षाचे ७ लाख २० हजार. संगणक, सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं, फाँट, इंटरनेट, वीज, आरोग्य विमा, सीएची फी मिळून दीड लाख धरा. नोकरीत जो पीएफ कंपनी भरत होती तो आता तुम्हालाच भरायचा आहे, म्हणून पीपीएफ आणि एनपीएससारख्या बचत-पेन्शन योजनांत मिळून महिन्याला १५ हजार, वर्षाचे १ लाख ८० हजार. एकूण साडेदहा लाख, आणि आयकर अजून यात नाही. साडेदहा लाख भागिले हजार तास, म्हणजे तासाला १,०५० रुपये.

हेच साडेदहा लाख २९० रुपयांच्या दराने मिळवायचे तर वर्षाला ३,६०० हून अधिक तास लागतील. म्हणजे ३६५ दिवस, रोज जवळजवळ दहा तास, आणि तेही सगळे बिलात येणारे. तुमची रात्रीची दीड इथून आली आहे. शिस्तीच्या अभावाने ती आलेली नाही, हे मला तुम्हाला मनापासून सांगायचं आहे, कारण तुमच्या पत्रात स्वतःला लावलेला दोष ओळीओळीत दिसतो. माझे आकडे बदलून तुमचे घाला. उत्तर थोडं इकडेतिकडे होईल, चित्र तेच राहील.

यावर लगेच प्रश्न येतो की पुण्यात एवढा दर देतं कोण. तासाचा दर क्लायंटला सांगायचाच नसतो. तो तुमच्या वहीत राहतो. क्लायंटला कामाची किंमत सांगायची: या पॅकेजिंगचे इतके, या माहितीपत्रकाचे इतके. आमच्याकडेही दर शब्दावर किंवा ओळीवर असतो. जर्मन ग्राहक ५५ अक्षरांची एक प्रमाण ओळ धरतात. हल्ली यंत्राने केलेलं भाषांतर सुधारून द्यायचं काम येतं, त्याचा शब्दाचा दर कमी असतो. त्यामुळे ओळ असो, शब्द असो की पान, मी प्रत्येक काम संपल्यावर एकच गोष्ट लिहून ठेवते: मिळालेले पैसे आणि लागलेले तास, फोन आणि दुरुस्त्या धरून. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की क्लायंटची यादी या भागाकाराने लावा. सगळ्यांत खाली कोण आहे ते बघून तुम्हाला नवल वाटेल. बहुधा रात्री दहाला फोन करणारेच तिथे असतात. एप्रिलपासून नव्या आर्थिक वर्षाचे नवे दर असं महिनाभर आधी लेखी कळवा. नव्या क्लायंटला पहिल्या दिवसापासून नवाच दर सांगा, जुन्यांना दोन टप्प्यांत आणा आणि यादीतल्या सगळ्यांत खालच्या एक-दोघांना जाऊ द्या. सगळ्यांचं काम एकदम महाग करायला जाऊ नका, त्यात धीर सुटतो. चौकातल्या दुकानाच्या हँडबिलाला हा दर मिळणार नाही हे खरं आहे, तेव्हा ती कामं नव्याने या क्षेत्रात आलेल्यांकडे पाठवा. कारखाने, हॉस्पिटलं, निर्यात करणारे उद्योजक, शिक्षणसंस्था यांना वेळेवर मिळणारं नीट काम हवं असतं आणि त्याची किंमत त्यांना कळते.

दराला लागूनच पैशाच्या अनियमितपणाची गोष्ट येते. काम नाकारता येत नाही याचं खरं कारण पुढच्या महिन्याची भीती असतं. मला माहीत असलेला त्यावरचा उपाय एकच आहे. बँकेत दोन खाती. सगळी बिलं पहिल्या खात्यात जमा होतात आणि त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार दुसऱ्या, घरच्या खात्यात जातो. भरभराटीच्या महिन्यातही पगार तेवढाच. पहिल्या खात्यात सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम साठेपर्यंत कुठलीही मोठी खरेदी नाही. ही रक्कम साठली की माणसाचा आवाज बदलतो, "या आठवड्यात जमणार नाही, पुढच्या बुधवारी घेऊ का?" हे वाक्य न अडखळता निघतं.

कराचा भागही त्याच दिवशी वेगळा काढा. फीमधून बहुतेक कंपन्या १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घेतलेला कर, कापतात, पण वर्षाचा उरलेला कर १० हजारांच्या वर जाणार असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ भरावा लागतो. तुमच्या कामाला ठोकताळ्याने उत्पन्न धरायची सोय, म्हणजे खर्चाचा तपशील न मांडता मिळकतीचा ठरावीक हिस्सा नफा धरायची, लागू होते का, ते सीएला विचारा. होत असेल तर १५ मार्चची एकच तारीख सांभाळायची असते. या चार तारखांच्या आदल्या रात्री जागणारी माणसं मी दर वर्षी बघते. कॅलेंडरमध्ये त्यांच्या दोन दिवस आधीची दुपार राखून ठेवली की प्रश्न मिटतो.

उधारी हा वैयक्तिक वेळ खाणारा मोठा भाग आहे आणि त्याकडे कुणी वेळेचा प्रश्न म्हणून बघत नाही. एका बिलासाठी पाच फोन म्हणजे एक संध्याकाळ गेली, आणि मनस्ताप त्याहून जास्त. तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, केली नसेल तर या आठवड्यात करा. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून आयकराचीही त्याला जोड मिळाली आहे: मुदतीत दिलं नाही तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षातच वजा करता येतो. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. भांडायची वेळ क्वचित येते. कंपनीच्या अकाउंट्स विभागाला तो क्रमांक दिसला की बिलं वरच्या गठ्ठ्यात जातात, असा माझा अनुभव आहे. आणि नव्या क्लायंटकडून निम्मा अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय फाइल उघडू नका. जो अ‍ॅडव्हान्सला कुरकुरतो, तो पुढे दुरुस्त्यांनाही छळतो.

आता तारखा. तुमचा वेळ क्लायंट घेत नाही, तुम्ही दिलेला शब्द घेतो. "उद्या देते" हे आपल्या तोंडून सहज निघतं, कारण समोरच्याला बरं वाटावं असं आपल्याला वाटतं. मी मनातल्या अंदाजात निम्मी वेळ वाढवून तारीख सांगते आणि वारासोबत वाजण्याची वेळही सांगते: बुधवारी दुपारी चारपर्यंत. सोमवारी सकाळची तारीख मी कधीच स्वीकारत नाही. सोमवार सकाळ याचा अर्थ तुमचा रविवार, आणि क्लायंट मात्र ती फाइल मंगळवारी दुपारी उघडतो. शुक्रवार संध्याकाळही टाळा, कारण त्यावरच्या दुरुस्त्या शनिवारी येतात. मंगळवार आणि बुधवार सगळ्यांत चांगले.

तुमच्या क्षेत्रात दुरुस्त्यांचा त्रास आमच्याहून मोठा आहे. मालक एक सांगतात, त्यांचा मुलगा दुसरं, मार्केटिंगचा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर तिसरं. कोटेशनमध्येच लिहा: किमतीत दोन वेळच्या दुरुस्त्या धरल्या आहेत, सगळ्या एकत्र करून एका ईमेलवर आणि एकाच व्यक्तीकडून याव्यात, तिसऱ्या वेळेपासून वेगळे पैसे लागतील. ही तीन वाक्यं लिहिल्यावर तिसरी वेळ बहुतेक येतच नाही. अर्जंट कामाला दीडपट दर, तोही लेखी. दीडपट ऐकल्यावर निम्म्या अर्जंट कामांना परवाची तारीख चालते.

फोनचं सांगते. कामासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. त्यात कामाच्या वेळा लिहिता येतात आणि वेळेबाहेर आलेल्या संदेशाला आपोआप उत्तर जातं. उत्तर साधं असू द्या: "आजचं काम संपलं आहे. उद्या सकाळी अकरापर्यंत कळवते." क्षमा मागू नका, कारणं देऊ नका. संध्याकाळी साडेसातला तो फोन कपाटात जातो. पहिले दोन आठवडे घालमेल होते, नंतर सवय होते. तुम्हालाही आणि त्यांनाही.

परदेशी क्लायंट असतील तर घड्याळाचा फायदा करून घ्या. जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड झालेला असतो. त्यामुळे माझी संपूर्ण सकाळ कुणाच्याही ईमेलविना जाते आणि अवघड पानं मी तेव्हाच करते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं उलट आहे. तिथले नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. दोन्हीकडची कामं एकाच वेळी धरणाऱ्याचा दिवस संपतच नाही. शक्य असेल तर एकच दिशा निवडा. आणि मार्च-ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं बदलतात, हे कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

इथपर्यंतचं सगळं पुरुषालाही सांगितलं असतं. पुढचं तुमच्यासाठी आहे.

"ती घरीच असते" या तीन शब्दांनी आपल्या क्षेत्रातल्या बायकांचे जेवढे तास खाल्ले आहेत तेवढे कुठल्याच क्लायंटने खाल्ले नसतील. गॅसचा सिलिंडर, कुरिअर, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची चौकशी, शेजारच्यांची किल्ली, नातेवाइकांच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या. प्रत्येक गोष्ट पाच मिनिटांची असते आणि प्रत्येकीनंतर हातातल्या कामाचा धागा परत सापडायला वीस मिनिटं लागतात. यावर रागावून उपयोग नाही, कारण घरातल्यांना खरंच दिसत नाही. ऑफिसला जाणारा माणूस दाराबाहेर जातो. तुमचं जाणं दिसत नाही, म्हणून ते दिसेल असं करावं लागतं.

यासाठी मला उपयोगी पडलेलं सांगते. जागा ठरलेली असावी, वेगळी खोली नसली तरी एक टेबल आणि त्यावर दुसरं काहीही नाही. कामाचे दोन तुकडे घरातल्या सगळ्यांना पाठ झाले पाहिजेत: नऊ ते साडेबारा आणि साडेतीन ते सहा. मधले तीन तास तुम्ही घराच्या आहात, पूर्णपणे. सासूबाईंच्या शेजारी बसून जेवायचं, औषधं द्यायची, गप्पा मारायच्या, लॅपटॉप बंद. वयस्कर माणसं दिवसभर हाका मारतात तेव्हा त्यांना पाणी हवं असतंच असं नाही, बरेचदा माणूस हवं असतं. ठरलेल्या वेळी मिळणार याची खात्री झाली की हाका कमी होतात, हे मी माझ्या सासूबाईंबरोबर अनुभवलं आहे. "आई, साडेबाराला आले" एवढं म्हणायचं आणि साडेबाराला खरंच उठायचं. त्या वेळेला क्लायंटच्या तारखेइतकंच जपा.

घरात नीरव सकाळ मिळतच नसेल तर अभ्यासिका बघा. पेठांमध्ये, कोथरूडला, सिंहगड रोडला स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठीच्या खासगी अभ्यासिका आहेत. महिन्याच्या फीवर जागा मिळते, फोनवर बोलायला मनाई असते आणि आजूबाजूला सगळे मान खाली घालून बसलेले असतात. संकल्पनेचं, कच्च्या आराखड्यांचं काम तिथे एका सकाळी जेवढं होतं तेवढं घरी दोन दिवसांत होत नाही. आठवड्यातून दोन सकाळी पुरतात. शिवाय तुम्ही दाराबाहेर पडलेल्या दिसता.

दोन गोष्टी अजून, आणि त्या बोलायला अवघड आहेत. एक म्हणजे तुमचा पैसा घरात दिसू द्या. ऑफिसचा पगार एक तारखेला येतो म्हणून त्याला मान असतो. तुमचा पैसा वाण्याच्या बिलात, मुलीच्या क्लासच्या फीमध्ये झिरपून जातो आणि कुणाला कळतही नाही. वर सांगितलेला एक तारखेचा पगार याही कारणासाठी हवा. घराचा एखादा मोठा खर्च, हप्ता किंवा शाळेची फी, उघडपणे तुमच्या नावावर घ्या. दुसरी गोष्ट: तुमच्या पत्रात सासूबाई आहेत, मुलगी आहे, क्लायंट आहेत. तुमचे पती कुठेच नाहीत. ते नोकरी करतात आणि थकून येतात हे मला मान्य आहे. पण मुलीचा सकाळचा डबा आठवड्यातून तीन दिवस ते करू शकतात, सासूबाईंच्या डॉक्टरकडच्या फेऱ्यांपैकी निम्म्या त्यांच्या असू शकतात. त्या त्यांच्याच आई आहेत. "मदत कर" असं म्हणू नका. कुठले वार कुणाचे ते कागदावर ठरवा. आणि स्वयंपाकाला बाई लावायची असेल तर तिचा पगार हा चैनीचा खर्च समजू नका. वरच्या हिशेबात दीड लाखाच्या शेजारी तो आकडा लिहा आणि दर पुन्हा काढा. तिचा महिन्याचा पगार तुमच्या नव्या दराने फक्त काही तासांचा असतो. ती तुम्हाला रोजचे दीड-दोन तास परत देते.

आता वेळापत्रक, आणि ते फार मोठं नाही. जड काम सकाळी. दुपारच्या तुकड्यात दुरुस्त्या, फोन, बिलं. रात्री साडेनऊनंतर नवीन काहीही सुरू करायचं नाही. रात्री शांतता मिळते हे खरं, पण उशिरा झोपलेल्या माणसाची सकाळ जाते आणि मग पुन्हा रात्रच उरते. हे चक्र मोडायला दोन-तीन आठवडे मिळकत थोडी कमी झाली तरी चालेल, त्यासाठीच सहा महिन्यांची गंगाजळी आहे. पहाटे उठण्याचा प्रयोग तुम्हाला जमला नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. रात्री एक वाजता झोपणारी बाई पाचला उठून काम करू शकत नाही.

आठवड्यातला गुरुवार मी मोकळा ठेवते. महावितरणची देखभाल आणि महापालिकेचं पाणी बंद, दोन्ही आपल्याकडे बहुधा गुरुवारी येतात. तेव्हा त्या दिवशी तारीख ठेवत नाही. बँक, सीए, तुमच्या बाबतीत अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या छापखान्यांतली कामं, सगळं गुरुवारी. कुणाला भेटायचं असेल तर गुरुवारीच.

वर्षाचं नियोजन मात्र नीट बसून करा, कारण पुण्यात आणि तुमच्या धंद्यात ते महत्त्वाचं आहे. डिझाइनरचा हंगाम गणपती ते दिवाळी: मिठाईची खोकी, जाहिराती, दिवाळी अंक, भेटकार्डं. नेमक्या त्याच काळात घरी गौरी येतात. त्या तीन दिवसांत तुम्ही काम करणार नाही आहात हे तुम्हाला, मला आणि तुमच्या घरच्यांना ठाऊक आहे, फक्त क्लायंटला सांगितलेलं नसतं. जुलैतच सगळ्यांना कळवा: गौरींचे तीन दिवस आणि विसर्जनाच्या मिरवणुकीचे दोन दिवस काम बंद, दिवाळीच्या कामांचा मजकूर अमुक तारखेच्या आत हवा. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, रस्ते बंद असतात, ढोल-ताशांत फोनवर बोलणं ऐकू येत नाही; पुण्यातल्या क्लायंटला हे पटवावं लागत नाही. पालख्या शहरात मुक्कामाला असतात ते दिवसही कॅलेंडरमध्ये आधीच रंगवून ठेवा. मी डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे दिवस रंगवते. जर्मन कंपन्यांना वर्ष संपायच्या आत कामं उरकायची असतात, त्यामुळे तेव्हा घाई असते. पण मी ऑक्टोबरपासून सांगत येते आणि माझ्या जुन्या ग्राहकांना ते आता माहीत आहे. नाताळपासून ६ जानेवारीपर्यंत त्यांचीच कार्यालयं थंड असतात, तेव्हा माझी खरी सुट्टी.

स्वतःसाठी काढलेल्या वेळेचं काय करायचं हेही ठरवायला हवं. "काम संपलं की वाचेन, फिरेन" असं म्हटलं तर काम संपत नाही. त्या वेळेला दुसरा माणूस किंवा भरलेली फी जोडा. गाण्याचा क्लास, पोहण्याचा पास, मैत्रिणीबरोबर शनिवारी सकाळी तळजाई किंवा पर्वती. टेकडीच्या पायथ्याशी मैत्रीण उभी असली की माणूस जातोच. एकटीने काम करण्यात एक मोठी गोष्ट आपण गमावतो, ती म्हणजे जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा. नोकरी सोडल्यावर कित्येक जणींना जो उदासपणा येतो तो थकव्याचा वाटतो आणि असतो एकटेपणाचा. महिन्यातून एकदा आपल्यासारखंच काम करणाऱ्या दोघी-तिघींबरोबर जेवायला जा आणि दर, क्लायंट, बुडालेली बिलं यांबद्दल मोकळेपणाने बोला. दर लपवून ठेवण्यात आपणा सगळ्यांचंच नुकसान होतं.

काम नसलेले आठवडे येतील. तेव्हा रोज दोन तास जुन्या क्लायंटना पत्रं, कामाचे नमुने नीट लावणं, आणि उरलेला दिवस खरोखर मोकळा. दिवसभर इनबॉक्स उघडून बसण्याने काम येत नाही आणि सुट्टीही होत नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न. आजच्या थकव्यावरून तो ठरवू नका. एका गुरुवारी दराचा हिशेब मांडा, नव्या कोटेशनांना नवा दर लावा, घरातले वार कागदावर ठरवा आणि तीन महिने प्रत्येक कामाचे तास लिहा. तीन महिन्यांनी तासाचा आकडा हजाराच्या दिशेने सरकत असेल, निदान सहाशे-सातशेपर्यंत आला असेल, तर पुढचं वर्षभर हेच चालू ठेवा. आकडा तीनशेवरच अडला असेल आणि नवा दर ऐकून सगळेच निघून गेले असतील, तर तुमच्या कामाचा प्रकार किंवा ग्राहकवर्ग बदलायला हवा; तो बदलेपर्यंत अर्धवेळ नोकरी किंवा एखाद्या स्टुडिओचं महिन्याच्या ठरावीक रकमेवरचं काम धरायला काहीच हरकत नाही. आणि आकडा चांगला असूनही रोज सकाळी टेबलाशी बसायला मन घेत नसेल, माणसांत काम करावंसं वाटत असेल, तर नोकरी धरा. मला माहीत असलेल्या दोन उत्तम डिझाइनर तशाच परत गेल्या आणि आनंदात आहेत. हिशेबाचा कागद तयार झाला आणि कुठे अडलं तर आकड्यांसकट विचारा, मी बघून सांगेन.